फ्लाय रॉडचे गाईड: निवड, अंतर, दोरा आणि ईपॉक्सी

फ्लाय रॉड म्हणजे लाईनच्याच वजनावर हलका गळ फेकून मासे पकडायची काठी, आणि ब्लँक म्हणजे तिची कार्बनची पोकळ, निमुळती नळी. ती लाईन फेकू लागते ती तिच्यावर बांधलेल्या गाईडमुळे, म्हणजे लाईन ज्यांतून धावते त्या कड्यांमुळे. गाईडचा पाय ब्लँकवर ठेवून वर दोरा गुंडाळतात आणि त्यावर ईपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचा, लेप देतात. तयार रॉड विकत घेण्याऐवजी ब्लँक आणून घरी रॉड बांधणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी या वेळी फक्त गाईडचे प्रश्न घेतले आहेत. बहुतेकांनी कडीबद्दल विचारलं आहे: कुठल्या मापाची, कुठल्या धातूची, किती गुळगुळीत. पण रॉड बिघडतो तो बहुधा कडीत नव्हे, गाईडच्या पायापाशी, दोऱ्याखाली. म्हणून उत्तरांमध्ये पायाचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न (पणजी): ९ फुटी, ४ तुकड्यांचा, ८ वेटचा (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर) ब्लँक आणला आहे. मांडवीच्या खाडीत चोणक आणि तामसो या माशांसाठी वापरणार. गाईड किती, कुठल्या नंबरचे, आणि किती अंतरावर बांधू?

रॉड जितके फूट, त्यात एक मिळवायचा, हा जुना हिशेब इथे बरोबर बसतो. ९ फुटाला १० गाईड, आणि टोकाची कडी म्हणजे टिप-टॉप वेगळी. गाईड कमी पडले तर लाईन दोन गाईडच्या मध्ये लोंबते, फेकताना ब्लँकवर आपटते आणि अंतर कापत नाही. जास्त झाले तर टोक जड होतं. टोकाकडचा अर्धा ग्रॅम मुठीजवळच्या पाच ग्रॅमपेक्षा जास्त जाणवतो, कारण फेक थांबवल्यावर टोकाला तितकाच जास्त वेळ थरथरत राहावं लागतं.

मुठीकडून पहिले दोन गाईड सिरॅमिक कडीचे, स्ट्रिपिंग गाईड म्हणतात ते. पहिला २० नंबरचा, दुसरा १६ चा. डाव्या हाताने लाईन ओढताना ती पहिल्या गाईडमध्ये तिरकी शिरते आणि सगळ्यात जास्त घासते, म्हणून तिथे सिरॅमिक हवंच. पुढचे आठ तारेचे स्नेक गाईड : मुठीकडून टोकाकडे ६, ५, ५, ५ आणि मग चार नग ४ नंबरचे. गोड्या पाण्याच्या ५ वेटच्या रॉडला टोकाशी १ किंवा २ नंबर चालतो, पण इथे तो लावू नका. चोणकाचं तोंड खरखरीत, तामसो हूक लागताच खारफुटीच्या मुळांत शिरतो, त्यामुळे लीडरला, म्हणजे लाईनच्या पुढे बांधलेल्या बारीक दोरीला, जाड तुकडा जोडावाच लागतो. ती गाठ, आणि लाईन संपून बॅकिंग (रीलवर लाईनच्या मागे असलेली दोरी) सुरू होतं तिथला लूप, दोन्ही गाईडमधून विनाअडथळा जायला हवेत. मासा जवळ आल्यावर गाठ टोकाच्या कडीत अडकली तर तुटते ती लीडर किंवा रॉडचं टोक. टिप-टॉपही मोठ्या कडीचा घ्या.

अंतरं टिप-टॉपपासून सेंटिमीटरमध्ये अशी सुरू करा: १२, २५, ३९.५, ५५.५, ७४, ९४.५, ११७.५, १४२, १६८ आणि १९५.५. माप गाईडच्या मधोमध धरायचं. दोन गाईडमधलं अंतर टोकाकडे १२ आणि मुठीकडे २७.५, म्हणजे हळूहळू वाढत जातं, कारण ब्लँक टोकाकडे जास्त वाकतो. चार तुकड्यांच्या ९ फुटी रॉडचे सांधे साधारण ६९, १३७ आणि २०६ सेंटिमीटरवर येतात. वरची मापं सांधे चुकवून घेतली आहेत. तुमच्या ब्लँकचे सांधे वेगळ्या जागी असले तर एखादा गाईड सेंटिमीटरभर सरकवा आणि शेजारच्या दोघांना थोडं थोडं वाटून द्या. सांध्यावर गाईड नको: तिथे भिंत दुहेरी, ब्लँक कमी वाकतो, आणि दोऱ्यावर ताण उगाच वाढतो.

ही मापं मात्र सुरुवातीची. प्रत्येक ब्लँकचा बाक निराळा असतो, त्यामुळे दोरा हातात घेण्याआधी रॉड वाकवून बघणं टाळू नका. गाईड बारीक रबरी रिंगांनी किंवा मास्किंग टेपच्या २ मिलिमीटर पट्ट्यांनी तात्पुरते धरा. मूठ टेबलाच्या कडेला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून बांधा, रीलवरची लाईन सगळ्या गाईडमधून ओवा आणि टोकाला रिकामी एक लिटरची बाटली टांगा. मग तिच्यात मगाने पाणी ओतत जा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वेगळा तराजू लागत नाही. २५० ग्रॅमला टोक, ५०० ला मधला भाग आणि किलोच्या आसपास खालचा भाग काम करू लागलेला दिसेल. किलोच्या पुढे जाऊ नका, आणि टोक मुठीशी काटकोनापेक्षा जास्त वळू देऊ नका.

बाजूने बघा. लाईन प्रत्येक गाईडशी थोडीथोडी वळली पाहिजे, आणि ते वळण सगळीकडे साधारण सारखं दिसलं पाहिजे. एखाद्या गाईडशी ती कोन करून मोडल्यासारखी वळत असेल तर त्याचा शेजारी फार लांब आहे. तो एक सेंटिमीटर जवळ घ्या आणि पुन्हा बघा. दोन-तीन फेऱ्यांत जुळतं. मग मेणाच्या पेन्सिलीने खुणा करा. टोकदार काहीही वापरू नका, कारण कार्बनवर ओरखडा पडला की पुढे तिथेच तडा जातो.

शेवटी उभं राहून डावा हात पहिल्या गाईडपर्यंत नेऊन बघा. वरच्या मापाने तो मुठीच्या तळापासून साधारण ७८ सेंटिमीटरवर येतो. हात आखूड असेल तर दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्यायला हरकत नाही. त्याहून खाली आणला तर सैल लाईन मुठीपुढच्या भागाला वेढा घालते.

प्रश्न (काणकोण): गेल्या वर्षी बांधलेल्या रॉडवर गाईडच्या पायांजवळ दोऱ्याखालून तपकिरी रेघा दिसू लागल्या आहेत. गाईड स्टेनलेसचे होते. मग गंज कसा?

स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्याच्यावरच्या ऑक्साईडच्या अतिपातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवा लागते. दोऱ्याखालच्या फटीत खारं पाणी अडकलं की तिथली हवा संपते, मिठातलं क्लोराईड तो थर फोडतं आणि मग स्टेनलेसही गंजतं. उघडी कडी चकचकीत आणि पाय कुजलेला, असं चित्र दिसतं ते म्हणून.

त्यात आपण स्वतः दोन चुका करतो. पहिली, पाय कानशीने निमुळता करताना त्याच्यावरचं क्रोम निघून जातं आणि उघडा धातू तसाच दोऱ्याखाली जातो. क्रोमचा थर मुळात लाईनच्या घासण्यापासून बचावासाठी असतो, तो थोडाफार गंजही अडवतो, पण घासलेल्या जागी तो उरतच नाही. दुसरी चूक बोगद्याची. पाय ब्लँकवर टेकतो तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना, दोऱ्याच्या खाली, एक बारीक पोकळी राहते. पाय दोऱ्यातून बाहेर पडून कडीकडे वळतो तिथे तिचं तोंड उघडं असतं. ईपॉक्सी दोऱ्यावरून फिरवली पण त्या तोंडात उतरली नाही, तर खाडीचं पाणी केसाएवढ्या त्या फटीत शोषलं जातं आणि मीठ तिथेच साचतं. गाईडच्या पायाने ब्लँकचा वरचा लेप खरवडला असेल तर आणखी वाईट, कारण कार्बन, धातू आणि खारं पाणी एकत्र आले की धातूच झिजतो, अगदी बॅटरीच्या सेलसारखा.

तुमच्या रॉडवर रेघ फक्त दिसत असेल आणि पाय हलत नसेल तर हा मोसम काढता येईल. पाय हलत असेल, किंवा दोऱ्यावरचा लेप फुगला असेल, तर तो गाईड काढा. ब्लेड पायाच्या वरच्या बाजूने, धातूच्या पाठीवर चालवायचं, ब्लँकच्या दिशेने कधीही नाही. पायावरचा दोरा उभा कापला गेला की बाकीची गुंडाळी नखाने सुटत जाते. हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली तर ईपॉक्सी मऊ पडते. इथे घाई करू नका, कारण गाईड काढताना कापलेला ब्लँक दुरुस्त होत नाही.

नवे गाईड घेताना खर्च कुठे करायचा? स्ट्रिपिंग गाईडवर. फुजी या जपानी कंपनीचे टायटॅनियम फ्रेम आणि सिलिकॉन कार्बाईड कडीचे गाईड महाग आहेत, पण टायटॅनियम खाऱ्या पाण्याला दाद देत नाही आणि असे गाईड दोनच लागतात. ते परवडत नसतील तर स्टेनलेस फ्रेम आणि ॲल्युमिनियम ऑक्साईडची कडीही फ्लाय लाईनसाठी पुरेशी गुळगुळीत असते. तारेच्या गाईडमध्ये निकेल-टायटॅनियमचे मिळतात. ते गंजत नाहीत, दाबले तर पुन्हा मूळ आकारात येतात. याच गुणामुळे त्यांचा पाय पकडीने वाकवून ब्लँकला जुळवता येत नाही, तेव्हा हातात आल्यावर प्रत्येक पाय तपासा आणि न बसणारा बाजूला ठेवा. क्रोम लावलेले स्टेनलेस स्नेक गाईड स्वस्त आणि कडक आहेत. पाय घासल्यावर त्या जागी ईपॉक्सीचं बोट लावून वाळवा, मगच बांधा. एवढी काळजी घेतली तर काणकोणच्या समुद्रालाही ते टिकतात.

प्रश्न (फोंडा): एका पायाचे गाईड हलके म्हणतात. मग स्नेक का लावायचे?

एका पायाच्या गाईडला दोरा निम्मा आणि ईपॉक्सी निम्मी लागते. वजन वाचतं ते मुख्यतः तिथे, धातूत फारसं नाही. ३ ते ५ वेटच्या रॉडवर तो फरक हाताला कळतो. ८ वेटवर, बोटीच्या कडेला आपटणाऱ्या, कालवं लागलेल्या खडकांवर ठेवल्या जाणाऱ्या रॉडवर आम्ही दोन पायांचा स्नेक सुचवू. धक्का लागला तर एका पायाचा गाईड फिरतो किंवा दोऱ्यातून पुढे सरकतो.

एक पाय वापरायचाच असेल तर शेवटचे तीन फेरे गाईडच्या दांड्याच्या पुढून, म्हणजे कडीच्या पलीकडच्या बाजूने घ्या. या कुलपामुळे तो पुढे निसटत नाही. आणि स्नेक गाईड घेताना सगळे एकाच पिळाचे आहेत ना ते बघा. उजव्या आणि डाव्या पिळाचे दोन्ही मिळतात, एका रॉडवर मिसळू नयेत.

प्रश्न (वास्को): ब्लँकचा कणा, ज्याला स्पाईन म्हणतात, तो कसा शोधायचा? गाईड त्याच्या वर बांधायचे की खाली?

तुकड्याचं जाड तोंड गुळगुळीत फरशीवर टेकवा, बारीक टोक एका तळहातावर सैल ठेवा आणि दुसऱ्या तळहाताने मधोमध दाबून वाकवा. वाकलेला ब्लँक आपोआप फिरून एका बाजूला स्थिरावतो. ती त्याची बाजू.

पण त्यासाठी डोकं फार शिणवू नका. फ्लाय रॉडचे गाईड ब्लँकच्या खाली असतात, त्यामुळे मासा ओढत असताना लाईन रॉडला खाली खेचते आणि रॉड पिळत नाही. पिळण्याचा प्रश्न येतो तो गाईड वर असलेल्या रॉडवर. त्यापेक्षा सरळपणा बघा. बहुतेक ब्लँक किंचित बाकदार असतात. तुकडे जोडून, डोळा मुठीच्या टोकाला लावून फिरवा आणि बाक उभ्या रेषेत, टोक किंचित वर, असा ठेवा. आडवा बाक राहिला तर गाईड कितीही सरळ बांधले तरी रेषा वाकडीच दिसेल. जुळलं की प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक ठिपका द्या. आधी मूठ आणि रीलची बैठक चिकटवा, मग टिप-टॉप, आणि त्या दोघांच्या रेषेत बाकीचे गाईड.

प्रश्न (मडगाव): दोरा गुंडाळताना पायाच्या टोकाशी दरवेळी घसरतो आणि फट राहते. शिवणकामाचा दोरा वापरतो आहे. काय चुकतं?

तीन गोष्टी असू शकतात: पाय, दोरा आणि ताण. बहुतेक वेळा पायच.

कारखान्यातून आलेल्या पायाचं टोक बोथट, पायरीसारखं असतं. दोरा ती पायरी चढताना अडतो, मग उडी मारतो, आणि फट तिथेच राहते. बारीक कानशीने पायाची वरची बाजू टोकाकडे सुरीच्या धारेसारखी निमुळती करा. खालची बाजू घासून पातळ करायची नाही. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर तळ आणि कडा दोन-चार वेळा फिरवा. नखाने तपासा: कुठेही धातूची कुसळ लागता कामा नये. रॉड वाकला की तीच कुसळ ब्लँकमध्ये रुतते, आणि पुढे एखाद्या चांगल्या माशावर रॉड नेमका गाईडच्या टोकाशी मोडतो. मग दोष ब्लँकला दिला जातो. घासताना तोंडाला मास्क बांधा.

आता पाय ब्लँकवर ठेवून उजेडाकडे धरा. टोक किंवा टाच उचललेली दिसली तर पकडीने हळू वाकवून सपाट बसवा. दोऱ्याच्या जोरावर दाबून बसवलेला पाय आतून सतत उचलू पाहतो, आणि काही महिन्यांनी त्याच जागी ईपॉक्सीला आडवा तडा जातो.

दोऱ्याबद्दल. शिंप्याकडचा साधा पॉलिस्टर दोरा आखूड तंतूंपासून कातलेला असतो, म्हणून त्याला लव असते. ईपॉक्सी लावली की ती लव ताठ उभी राहते, गुंडाळी काटेरी दिसते आणि प्रत्येक काट्यातून पाणी आत जायला वाट मिळते. रॉडसाठीचा नायलॉन दोरा सलग तंतूंचा असतो. ८ वेटपर्यंत ए मापाचा बारीक दोरा घ्या. डी माप जाड, ते मोठ्या समुद्री रॉडला. साध्या नायलॉनचा रंग ईपॉक्सीखाली गडद आणि अर्धपारदर्शक होतो, पाय आतून दिसू लागतो. ते नको असेल तर रंग न बदलणारा, एनसीपी म्हणून विकला जाणारा दोरा मिळतो. आमची पसंती साध्या नायलॉनलाच, कारण त्यात ईपॉक्सी खोल मुरते आणि खाली पाणी शिरलं तर डोळ्याला दिसतं.

गुंडाळणं असं. पायाच्या टोकापासून ३-४ मिलिमीटर अलीकडे, नुसत्या ब्लँकवर सुरुवात करा. दोऱ्याचं सुटं टोक पहिल्या पाच-सहा फेऱ्यांखाली दाबा आणि कापा. मग पायावर चढत कडीच्या दिशेने जा. फेरा फेऱ्याला चिकटून, पण एकावर एक नको. संपायला ७-८ फेरे राहिले की बारीक मोनोफिलामेंटचा एक फास फेऱ्यांखाली ठेवा, उरलेले फेरे त्याच्यावरून घ्या, दोरा कापून टोक फासात ओवा आणि फास ओढून घ्या. टोक फेऱ्यांखालून बाहेर येतं. ते नव्या ब्लेडने, एकाच फटक्यात कापा. जुन्या ब्लेडने झिरमिळ्या उरतात. बारीक फटी असतील तर चमच्याच्या पाठीने फेरे एकमेकांकडे सरकवा.

ताण किती? गुंडाळी पूर्ण झाल्यावर अंगठ्याने जोर लावला तर गाईड किंचित सरकला पाहिजे. एकदम घट्ट आवळलेला दोरा चांगला, हा गैरसमज आहे. पातळ भिंतीच्या ब्लँकला आवळलेला पाय आत दाबतो. शिवाय शेवटी रेषा सरळ करायला जागाच उरत नाही. सगळे गाईड बांधून झाले की मुठीकडून बघत एकेक गाईड अंगठ्याने रेषेत आणा. ईपॉक्सी लागल्यावर ही संधी मिळणार नाही.

गाईडबरोबर सांधेही बांधून घ्या. प्रत्येक मादी तोंडाशी, म्हणजे ज्यात दुसरा तुकडा बसतो त्या तोंडाशी, ८-१० मिलिमीटर दोरा हवा, नाहीतर जोरात फेकताना तोंड उभं चिरतं. तिथे ईपॉक्सी लावताना आतल्या बाजूला एक थेंबही जाऊ देऊ नका.

प्रश्न (म्हापसा): जुलैत ईपॉक्सी लावली. दोन दिवसांनी वरून चिकट, तेलकट आणि ढगाळ राहिली. पाऊस थांबेपर्यंत थांबायला हवं होतं का?

थांबलात तर उत्तमच, पण पावसातही जमतं. आधी दोन निरनिराळे दोष वेगळे करू.

तेलकट, पांढुरका पापुद्रा वरच्या वर असेल आणि खाली लेप घट्ट असेल, तर तो दमटपणाचा परिणाम. हार्डनरमधली, म्हणजे ईपॉक्सी घट्ट करणाऱ्या भागातली, अमाईन ही रसायनं हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साईडशी आधी जोडली जातात, त्याचा हा थर. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, खिडक्या उघड्या ठेवून काम केलं तर तो येणारच. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसा, सुकवा, अगदी हलक्या हाताने पॉलिश पेपर फिरवा आणि दुसरा हात द्या. पुसल्याशिवाय दिलेला दुसरा हात सालासारखा सुटतो.

नखाने दाबलं तर आतपर्यंत मऊ, चिकट लागत असेल तर पाऊस कारण नाही. प्रमाण किंवा ढवळणं चुकलं आहे. रॉडची ईपॉक्सी आकारमानाने निम्मी-निम्मी घ्यायची असते, आणि थोडीच हवी म्हणून अर्धा-अर्धा मिलिलिटर घेतला तर थेंबभर चूकही मोठी ठरते. प्रत्येकी किमान ३ मिलिलिटर घ्या, उरलेली फेकून द्यावी लागली तरी. दोन भागांना दोन वेगळ्या सिरिंज. काही सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉन लावलेलं असतं, ते ईपॉक्सीत उतरलं की लेपाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. रबर नसलेली सिरिंज शोधा. ढवळणं हळू, तीन मिनिटं, भांड्याचा तळ आणि कडा खरवडत. आतपर्यंत मऊ राहिलेल्या लेपावर नीट मिसळलेला एक पातळ हात दिला तर बहुधा खालचाही घट्ट होतो. दोन दिवसांनीही चिकटच राहिला तर काढून नव्याने बांधा.

पावसाळ्यात काम करायचं तर खोली बंद करा आणि एसी ड्राय मोडवर दोन तास आधी लावा. साध्या आर्द्रतामापकावर आकडा ६० च्या खाली आला की सुरुवात करा. एसीची थंड हवा थेट रॉडवर नको. ब्लँक आणि दोरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर बोट लावू नका. मिसळलेली ईपॉक्सी लगेच स्वयंपाकाच्या ॲल्युमिनियम फॉईलवर ओतून पसरा. कपात गोळा राहिली तर स्वतःच्याच उष्णतेने आपल्या हवेत वीस मिनिटांत घट्ट होऊ लागते. फॉईलवर ती थंड राहते आणि बुडबुडेही निघून जातात.

पहिला हात पातळ, दोऱ्यात मुरण्यापुरता. ब्रशच्या टोकाने आधी त्या बोगद्यांच्या तोंडाशी थेंब सोडा, रॉड उभा-आडवा करून तो आत ओढला जातो का ते बघा, मगच दोऱ्यावरून फिरवा. लेप दोऱ्याच्या दोन्ही कडांच्या मिलिमीटरभर पुढे जाऊन ब्लँकला चिकटला पाहिजे. जास्तीची ईपॉक्सी रॉड फिरत असताना ब्रशने खालून टिपून घ्या. बुडबुडे राहिले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर खालून नेऊन आणा. मेणबत्ती नको, काजळी बसते.

रॉड फिरत ठेवायला जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटलीची मोटर छान चालते. मिनिटाला पाच-सहा फेरे पुरेत, निदान चार तास. पावसात लाईट जाणार हे धरूनच चला: इन्व्हर्टर नसेल तर पहिला तासभर दर पाच मिनिटांनी, नंतर दर पंधरा मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्या. दुसरा हात २४ तासांनी. तो दिल्यावर दोऱ्याचे फेरे बोटाला जाणवू नयेत, पण मधे फुगीर गाठही दिसू नये. फुगीर लेप दिसायला भरीव वाटतो, प्रत्यक्षात वजन वाढवतो आणि रॉड वाकला की आधी तोच तडकतो. पाण्यावर न्यायच्या आधी आठवडाभर वाळू द्या.

हार्डनरच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली दिसली तर ती पुसून टाका आणि झाकण घट्ट लावत जा. ती बाटली हवेतलं पाणी पिते आहे.

प्रश्न (डिचोली): टिप-टॉप सुपरग्लूने चिकटवला होता, तो फिरला. पुन्हा कसा बसवू?

टिप-टॉपला हॉट-मेल्ट, म्हणजे गरम केल्यावर वितळणारी कांडीच वापरा. सुपरग्लू धक्क्याने तडकतो. ईपॉक्सीने बसवलेला टिप-टॉप बदलायला इतकी उष्णता द्यावी लागते की ब्लँकची राळ जळू शकते.

जुना गोंद खरवडताना ब्लँकला कानस लावू नका. नळीचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात सांगतात: ५ नंबर म्हणजे साधारण २ मिलिमीटर. नळी हलकेच सरकून बसावी, ठोकून नव्हे. कांडी वितळवून थोडासा गोंद ब्लँकच्या टोकाला लावा, टिप-टॉपची कडी पकडीत धरून नळी लायटरवर दोन-तीन सेकंद तापवा आणि सरकवा. ज्योत फक्त धातूला. गोंद ऊन आहे तोवर कडी बाकीच्या गाईडच्या रेषेत फिरवा. बाहेर आलेला गोंद थंड झाल्यावर नखाने निघतो.

प्रश्न (मोरजी): नवी लाईन चार महिन्यांत खरखरीत झाली. गाईड खराब झाले असतील का?

कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून सगळ्या बाजूंनी फिरवा. तंतू अडकले की समजा, तिथे चीर किंवा खाच आहे. आधी टिप-टॉप बघा, मग पहिला स्ट्रिपिंग गाईड, कारण लाईन सगळ्यात जास्त वळते ती या दोन ठिकाणी. सिरॅमिक कडी खडकावर आपटून चिरली तर चीर डोळ्याला दिसत नाही, कापसाला सापडते.

बोळा कुठेच अडकला नाही तर दोष वाळूचा. किनाऱ्यावर उभं राहून सैल लाईन ओल्या वाळूत पडू दिली की बारीक कण तिच्या मऊ लेपात रुततात, आणि तीच लाईन पॉलिश पेपरसारखी गाईडमधून जाते. कमरेला स्ट्रिपिंग बास्केट, म्हणजे सैल लाईन झेलणारी टोपली, बांधा. घरी आल्यावर लाईन कोमट साबणाच्या पाण्यातून ओढून पुसा. रॉडवर गोडं पाणी ओता, प्रत्येक पायाशी बोट फिरवा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय तो नळीत बंद करू नका. पावसाळ्यात ओला रॉड बंद नळीत आठवडाभर राहिला तर दोऱ्यावरच्या लेपाला फोड येतात. खाच पडलेला टिप-टॉप घासून गुळगुळीत करण्याचा प्रयत्न करू नका. क्रोम गेल्यावर खालची तार मऊ असते, महिन्याभरात पुन्हा खाच पडते. तो बदलाच.